टाकीपाशीची रेंज

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळचे ९ वाजून १० मिनिटे.

दुकानाचे शटर अर्धे वर करून झेरॉक्सचे मशीन गरम होण्याची वाट बघत होतो, तेव्हा प्रेरणा मॅडमचा मेसेज आला. काम नक्की झाले, दहा वाजता फोन कर.

दहापर्यंत काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले. नऊ ओळी झाल्या. दोन खोडल्या. उरलेल्या दोनदा मोठ्याने म्हणून पाहिल्या. फोनवर बोलण्याआधी मी असे करतोच. बारावीत राहिलो त्या वर्षी फॉर्मच्या चौकशीला फोन केला होता. पलीकडची मुलगी माझे 'म्या बोलतोय' शेजारणीला म्हणून दाखवत हसली, ते मला ऐकू आले. तेव्हापासून लिहून घेतो.

मॅडमची पुण्यात सहा जणांची कंपनी आहे. गेम करतात. गोळ्या मारायचे नव्हेत, गोष्टीचे. खेळणारा गोष्टीतला एक माणूस होतो आणि प्रत्येक ठिकाणी काय करायचे ते निवडतो. डिसेंबरात त्या इकडे आल्या तेव्हा वेल्ह्यात माझ्याकडे बत्तीस पाने छापून घेतली. मी पेन्सिलीने सतरा चुका दाखवल्या. आमच्याकडची म्हातारी माणसे असे बोलत नाहीत, हेही सांगून टाकले. रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी नंबर घेतला.

गोष्ट लिहून द्यायचे अठरा हजार ठरले. निम्मे आधी, निम्मे काम पसंत पडल्यावर.

जमा ९०००. वही व दोन पेने ८५. नेट पॅक २९९. जुने देणे २००, तसेच.

रविवार, १२ जानेवारी.

मॅडमना खरा घडलेला प्रसंग हवा आहे. "ऐकीव नको, सोमनाथ. तू तिथे होतास, असा दे," म्हणाल्या.

मी धनाजीचा दिला.

इथे थोडक्यात लिहून ठेवतो. धनाजी वाडीतला, माझ्याहून एका वर्षाने मोठा. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांच्या खाचरात सावडीने भातकापणी चालली होती. आज त्यांचे, उद्या आमचे, असे आम्ही एकमेकांकडे जातो. पेंढी उचलताना त्याच्या मनगटावर नाग चावला. तेव्हा वाडीत टॉवर नव्हता. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळायची. फोन करायला एक जण टाकीकडे गेला. गेनूबाबा जाधव खाचरातच होते. ते साप चावलेल्याला कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष वर चढलेले नाही असे समजतात. हनुमंताची जीप उशिरा आली. धनाजी वाटेत गेला.

मॅडमनी एक तक्ता पाठवला. प्रत्येक पात्रासाठी चार रकाने: त्याला काय हवे आहे, कशाची भीती आहे, काय लपवतो, कोणते खोटे बोलतो. "खोटं बोलत नाही असं पात्र माझ्याकडे आणू नकोस. तो माणूस नसतो, पुतळा असतो," म्हणाल्या.

गुरुवार, २३ जानेवारी.

तक्ता भरला. धनाजीचे नाव राघू केले. बनाबाईचे, म्हणजे त्याच्या आईचे, कृष्णाबाई. गेनूबाबांचे भिकातात्या. जीपवाल्याचे खोटे सोपे होते: डिझेलचे पैसे हातात पडल्याशिवाय हनुमंत गाडी काढत नाही आणि 'बॅटरी उतरलीय' म्हणतो. भिकातात्याच्या लपवण्याच्या रकान्यात लिहिले, 'आपल्या विद्येचा उपयोग होत नाही हे त्याला कळलेले आहे.' हे वाक्य मला चांगले जमले.

फोन करायला गेलेल्याचे नाव ठेवले नाही. फक्त 'निरोप्या'. त्याचे चारही रकाने रिकामे आहेत. तो येऊन जाऊन दोन मिनिटे पडद्यावर दिसतो, त्याला कशाला हवेत?

खेळाचे घड्याळ असे आहे: प्रत्येक कृतीला मिनिटे लागतात आणि ती वजा होत जातात. मी सगळ्या खऱ्या वेळा घातल्या. पाला चावणे, २१ मिनिटे.

रविवार, २ फेब्रुवारी.

बनाबाईंना वाचून दाखवले. अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. खेळ म्हणजे काय ते सांगायलाच अर्धा तास गेला.

"म्हंजी माजा धना मोबाईलात येनार?"

"नाव दुसरं आहे, मावशी. पण तोच."

"बोलंल?"

"लिहिलेलं उमटतं."

मी वाचले, 'आये, घाबरू नको.' त्यांनी लगेच हात वर केला. "त्यो मला आये कवा म्हनला? 'ए बने' म्हनायचा. चारचौघांत म्हनायचा मेला. म्या विळा घिऊन धावायची."

दुरुस्त केले. त्या हसत होत्या. मग भिकातात्याचा भाग आला आणि हसणे थांबले.

"गेन्याचं नीट लिव. पोरगं जात हुतं आन ह्यो पाला चारत बसला. वाडीनं त्याच्याकडनं मारुतीच्या देवळाची किल्ली काडून घेतली ती काय उगी? लिव, जगाला कळू दे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू तरी त्याचं नाव चालवतोयस, बाबा. तुज्याशिवाय कोन येतंय हितं?"

निघताना वाल बांधून दिले. घेतले. आईने उसळ केली. मी खाल्ली नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दुपारचे १ वाजून २० मिनिटे.

आज गेनूबाबा दुकानात आले. सरकारी पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो, त्याच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. धोतर मळलेले. मी म्हटले बसा. बसले नाहीत.

"माझं नाव घालतोयस म्हनं खेळात?"

"नाव बदललंय, बाबा."

"नाव बदलंल. पाला माझाच न्हवं?"

मी मशीनचे झाकण उघडून काच पुसली. काच स्वच्छच होती.

"समद्या वाडीत एवडंच म्हनत्यात, गेन्यानं येळ घालीवला. म्या त्याला निजवून ठेवला हुता. हालला तर इख पळतंय. पापन्या मिटाय लागल्या म्हनून पाला दिला, बोलत ऱ्हावा म्हनून." बाबांनी दाखला घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला. "त्या दिशी टाकीपाशी रेंज न्हवती, व्हय रं?"

"नव्हती."

"कायम असती तिथं."

"त्या दिवशी नव्हती, बाबा."

"आसंल."

चार झेरॉक्सचे आठ रुपये मी घेत नव्हतो. त्यांनी काउंटरवर मोजून ठेवले.

बाबांना ऐकू कमी येते. वय झाले की माणूस संशयी होतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

मॅडमच्या ऑफिसातील मुलांनी पहिल्यांदा खेळून पाहिले. साडेचारला फोन आला. तो अचानक आल्यामुळे काही लिहून ठेवलेले नव्हते.

"सोमनाथ, घड्याळात चूक आहे. निरोप्या पावणेअकराला निघतो. टाकीला पोचायला आठ मिनिटं. फोन लागतो अकरा चौदाला. मधली एकवीस मिनिटं कुठे गेली?"

मी म्हटले, ती पाल्याची आहेत.

"अरे, पण पाला खाचरात चाललाय. निरोप्या टाकीपाशी आहे. म्हातारा पाला देतोय म्हणून याचा फोन उशिरा कसा लागेल?"

मी म्हटले, रेंज नव्हती.

"मग तसं लिही. पण तूच पान चारवर लिहिलंयस की टाकीपाशी रेंज कायम असायची." त्या हसल्या. रागावल्या नव्हत्या. "आणि निरोप्याचे रकाने भर. मुलांनी म्हाताऱ्याला शिव्या घातल्या, ते ठीक आहे. पण अडाणी भगत म्हणजे शहरातल्या माणसाला आधीच पटलेली गोष्ट. त्यात तू कशाला हवास? मला त्या निरोप्यात जास्त रस आहे."

मी म्हटले बघतो. फोन ठेवल्यावर दिसले की 'येथे उधारी बंद आहे' ही छापलेली पाटी मी नखाने खरवडून फाडली होती. नवीन छापली.

सोमवार, २४ फेब्रुवारी.

ट्रंक उघडली. २०२२ ची वही तळाशी आहे, ते मला माहीत होते. कपडे काढले, घड्या केल्या, परत ठेवले. वही काढली नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी.

काढली.

१७ ऑक्टोबरचे पान जसेच्या तसे उतरवतो.

'१०.५३ टाकी. रेंज दोन काड्या. सांगायचे: नमस्कार, मी सोमनाथ पासलकर बोलत आहे. (खोडले.) नमस्कार, एका इसमाला सर्पदंश झाला आहे. (खोडले.) आमच्या येथे एका तरुणास विषारी सर्पाने दंश केला असून' – इथे पुन्हा खोडले आहे. मग वाडीकडे येण्याचा रस्ता. त्यातले 'डावीकडे' दोनदा खोडून पुन्हा 'डावीकडे'च. मग वय. खाली, '११.१४ फोन लागला.'

१०८ ला, सरकारी अँब्युलन्सला, फोन करायचा होता. तिकडे सरकारी माणूस असेल, आपले बोलणे कळणार नाही, चुकीच्या वाडीला गाडी पाठवतील, असे वाटले. सगळे नीट असावे असे वाटले. लिहिलेले दोनदा म्हणूनही पाहिले. हनुमंताला त्यानंतर फोन केला; अँब्युलन्सच्या आधी त्याचीच जीप आली. तो काही सरकारी माणूस नव्हता. त्याला आधी करता आला असता. ते त्या वेळी सुचले नाही.

परत आलो तेव्हा सगळे ओरडले, एवढा उशीर का? मी म्हटले, रेंज नव्हती. कोणी पुन्हा विचारले नाही. आमच्या वाडीत ते कोणालाही पटते.

पानात दोन शंभरच्या नोटा आहेत. मी पळायला लागलो तेव्हा गेनूबाबांनी कोपरीतून काढून दिल्या होत्या. "हन्म्याला दे, डिझेलचं रडत बसंल." त्या दिवशी हनुमंत पैसे न मागताच जीप घेऊन आला आणि नंतर ते परत द्यायचे राहून गेले.

आणखी एक. मी निघताना धनाजी हसत होता. मला तो मास्तर म्हणायचा. हात धरून बसला होता आणि म्हणाला, "मास्तर, वहीत लिव, धन्याला नागानं मुका दिला."

सोमवार, ३ मार्च.

निरोप्याचे रकाने भरून पाठवले.

काय हवे: आपल्याला कोणी हसू नये. कशाची भीती: चूक होण्याची. काय लपवतो: एकवीस मिनिटे. कोणते खोटे बोलतो: रेंज नव्हती.

सगळा भाग नव्याने लिहिला. आता खेळणारा माणूस म्हणजेच निरोप्या. टाकीपाशी पडद्यावर दोन गोष्टी येतात: 'फोन कर' आणि 'आधी लिहून घे'. बहुतेक लोक दुसरी निवडतील असे मॅडमना वाटते, कारण ती शहाणपणाची दिसते. मग एकेक ओळ उमटते आणि खोडली जाते, आणि वर घड्याळ चालू राहते.

त्यांनी रात्रीच वाचून मेसेज केला. ऑफिसात दोघे रडले म्हणे. 'हेच हवं होतं. हे इतकं खरं कुठून आणलंस?' मी उत्तर लिहिले, 'विचार करून.'

धनाजी वाचतो असा एक शेवट हवा, असे गेमसाठी मॅडमना पैसे देणाऱ्या पार्टीने सांगितले होते. मॅडमनी मला विचारले, फोन लगेच केला असता तर वाचला असता का? मी वेल्ह्यातल्या एका डॉक्टरांना मागेच विचारले होते, दुसऱ्याच कोणाचे म्हणून. ते म्हणाले होते, सांगता येत नाही. म्हणून लगेच फोन केला तर जीप लवकर येते, धनाजीला घालतात, ती वळणाआड जाते आणि गोष्ट तिथे थांबते. मॅडमनी ते राहू दिले.

उरलेले नऊ हजार देणार आहेत. मात्र बनाबाईंना हा नवा भाग ऐकवून संमतीच्या कागदावर त्यांचा अंगठा आणायचा आहे.

बुधवार, ५ मार्च.

गेनूबाबांकडे गेलो. खेळात आता तुमचा दोष नाही, हे सांगायला. ते मारुतीच्या देवळाच्या मागे राहतात. देवळाला कुलूप होते. किल्ली आता कोंडिबाकडे असते, तो आठवड्यातून एकदा दिवा लावतो.

दोनशे रुपये पुढे केले. त्यांनी ओळखले.

"म्हंजी हन्म्याला दिलंच न्हाईस."

"रेंज होती, बाबा," मी म्हटले.

"मला म्हाईत हाय."

"खेळात सगळं खरं लिहिलंय आता. तुमच्यावर काही नाही."

बाबांनी नोटा हातात घेतल्या. मग म्हणाले, "खेळ कोन खेळनार? वाडी?"

"नाही. पुण्या-मुंबईची माणसं. बाहेरची पण."

"मग मुंबयवाल्यानं मला बोल लावला हुता व्हय?" ते उठले आणि नोटा माझ्या खिशात परत कोंबल्या. जोर होता हाताला. "अडीच वरीस बनीच्या दारावरनं जाताना मान खाली घालतोय म्या. तिकडं मला सोडवलंस, आन हितं?"

मी म्हटले, सांगतो.

"जा."

रविवार, ९ मार्च. संध्याकाळचे ५ वाजून ४० मिनिटे.

जे झाले ते क्रमाने लिहितो.

सकाळी साडेनऊला लॅपटॉप घेऊन बनाबाईंकडे गेलो. काय बोलायचे ते लिहून नेले होते, अकरा ओळी. तो कागद खिशातच राहिला. आधी खेळ दाखवावा, त्यांना आपोआप समजेल, असे ठरवले.

खाचर आले. नाग आला. 'ए बने' आले तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. निरोप्या पळाला, टाकीपाशी पोचला, लिहायला लागला. मी प्रत्येक ओळ वाचून दाखवत होतो. तिसऱ्या खोडण्याला त्या ओरडल्या.

"आरं ह्यो काय खरडत बसलाय? फोन लाव की मुडद्या!"

मी पुढची ओळ वाचली.

"बंद कर. ह्ये खोटं हाय. आसं कुनी करतं व्हय? तिकडं मानूस मरतंय आन ह्यो कागुद लिवतोय? कुनाला पटंल का? काड त्ये. त्या गेन्याचं हुतं तेच बरं हुतं, ते खरं हुतं."

"मावशी, हेच खरं आहे."

"तुला काय ठावं?"

"फोन करायला मीच गेलो होतो."

त्यांना ते माहीत होतेच. सगळ्या वाडीला माहीत आहे. पण दोन गोष्टी जुळायला थोडा वेळ लागला. मला त्यांच्या तोंडावर ते दिसले.

"रेंज हुती?"

"होती."

"किती येळ?"

"एकवीस मिनिटं."

मला वाटले मारतील. मारायला हवे होते. त्या पाटाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. कोंबडी घरात शिरली तिला हाकलले. मग म्हणाल्या, "पुन्यांदा लाव."

पुन्हा लावले. टाकीपाशी आल्यावर त्यांनी विचारले, फोन कर म्हणायचे ते कोणते? मी बोट दाखवले. त्यांनी बटण स्वतः दाबले, जात्याचा खुंटा धरावा तसे जोरात. फोन लागला. जीप लवकर आली. राघूला मागच्या सीटवर घातले. 'ए बने, येतो गं,' ही ओळ उमटली. जीप वळणाआड गेली आणि पडदा काळा झाला.

त्या थांबल्या होत्या.

"फुडं?"

"पुढं नाही, मावशी. पुढचं मला माहीत नाही म्हणून लिहिलं नाही. खोटं लिहायचं नव्हतं."

"पुन्यांदा लाव."

एकूण सात वेळा लावले. सातही वेळा त्यांनी तेच बटण दाबले. शेवटच्या वेळी पडदा काळा झाल्यावर त्यात आम्ही दोघे दिसत होतो. त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "अडीच वरीस माज्या घरचं खाऊन खोटं बोललास. आता एक माज्यासाटी बोल. जीप पोचली म्हनून लिव."

त्यांनी संमतीचा कागद मागून घेतला आणि अंगठा उमटवला. मग म्हणाल्या, "लिवलंस की ये. तवर येऊ नगंस."

मंगळवार, ११ मार्च.

वाडीत सगळ्यांना कळले आहे. आई नळावर गेली तर बायका हंडे उचलून चालत्या झाल्या. कोंडिबाने दुकानात येऊन सांगितले की औंदा सावडीला आमच्या घरचे माणूस नको. देवळाची किल्ली मात्र त्याच्याकडेच आहे. ती बाबांना परत देणार का, असे विचारले तर म्हणाला, "ते आता मागचं कशाला?"

आई म्हणते, काल सकाळी बनाबाई गेनूबाबांच्या दारात तांब्याभर दूध घेऊन उभ्या होत्या. बराच वेळ हाका मारल्या. बाबा आत खोकत होते. दार उघडले नाही. त्यांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला, तो दुपारी मांजराने सांडला.

मॅडमचे पैसे आले. गेममध्ये माझे नाव येणार आहे. कसे लिहायचे ते मी दोनदा तपासून पाठवले.

जमा, दोन हप्ते मिळून १८०००.
खर्च: वही, पेने ८५. नेट पॅक, तीन महिने ८९७. पुण्याला जाऊन येऊन एसटी व जेवण ४१०. आईला ६०००.
शिल्लक १०६०८.
देणे: गेनूबाबा २००. घेत नाहीत.
देणे: बनाबाई, एक शेवट. काल आणि आज मिळून चार वेळा लिहायला बसलो. 'जीप दवाखान्यापाशी पोचली' एवढे झाले आहे. तेही खोडले.